बर्टविसलकडे पाऊण तास

फोन आपणच उचलायचा, असं मी त्या रविवारी ठरवलं. एवढंच माझ्या हातून झालं. माणूस आयुष्यात याहून कितीतरी भयंकर गोष्टी ठरवतो. दाढी वाढवतो, घराला स्वतः रंग देतो, सासूला कायमचं राहायला बोलावतो (यातल्या तिन्ही मी करून चुकलोय) आणि तरी सुखरूप सुटतो. मी फक्त फोन उचलला. दुपारच्या जेवणाआधी एक जमत आलेलं लग्न मोडलं, अकरा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ भर रस्त्यात एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि मी आमच्या ब्रॅकनशॉ गावातल्या अर्ध्या मेथडिस्ट मंडळींसमोर गळा फाडून असा एक शब्द ओरडलो, की ऑर्गन वाजवणाऱ्या बाई अजून माझ्याशी नजर मिळवत नाहीत.

आमच्या घरात फोन थेल्माचा. थेल्मा म्हणजे माझी बायको. मी पडलो वॉटर बोर्डातला क्लार्क. दिवसभर लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी ऐकून ऐकून सवय अशी लागलीय की घरीसुद्धा फोन उचलला की 'तक्रार क्रमांक सांगा' असं तोंडून निघतं. एकदा थेल्माच्या मावशीला मी असंच विचारलं होतं. मावशी बिचारी काका गेल्याचं सांगायला फोन करत होती. तेव्हापासून फोनला हात लावायचा नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. पण त्या रविवारी थेल्मा चॅपेलला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, गेली होती, सासूबाई वर होत्या आणि फोन काही थांबायला तयार नव्हता.

आता सासूबाई वर कुठे होत्या, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. सगळी भानगड त्या 'कुठे'चीच आहे.

इंग्लंडात माणूस ज्या जागी दिवसातून चार-पाच वेळा जातो, त्या जागेला नाव नाही. म्हणजे नावं पन्नास आहेत, पण चारचौघांत घेता येईल असं एकही नाही. माझी आई सरळ 'टॉयलेट' म्हणायची. ती गिरणीत कामाला होती. मागांच्या खडखडाटात आडवळणानं बोलून भागत नसे. सासूबाई पडल्या बँक मॅनेजरच्या पत्नी. त्या 'लॅव्हेटरी' म्हणायच्या, तेही डोळे मिटून. 'टॉयलेट' म्हणणारी माणसं बशीत ओतून चहा पितात, असं त्यांचं ठाम मत होतं. (माझी आई पीत असे. चहा गार होतो आणि मिशांना लागत नाही, असं ती म्हणायची. मिशा वडिलांना होत्या.) थेल्मा कॉलेजातून 'लू' शिकून आली होती. ऑफिसात आम्ही फॉर्मवर 'डब्ल्यू.सी.' लिहितो. आणि पबमध्ये मित्रांपुढे मी जो शब्द वापरतो तो इथे लिहीत नाही, कारण हे सासूबाई वाचणार आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात ठिणगी पडली. जेवणं उरकली होती, सासूबाई नाजूक बोटांनी कप उचलत होत्या, आणि माझ्या आईनं विचारलं, तुमचं टॉयलेट कुठंशी आहे हो? सासूबाईंचा कप हवेतच थांबला. त्या म्हणाल्या, लॅव्हेटरी जिना चढून डावीकडे आहे. आईला गिरणीच्या आवाजानं कमी ऐकू यायचं. तिला ऐकू आलं लॅबोरेटरी. सुनेच्या माहेरी प्रयोगशाळा आहे म्हटल्यावर तिला मोठंच कौतुक वाटलं. जावं कुठे हे मात्र तिला कळलं नाही, आणि ती मुकाट्यानं चार तास बसून राहिली. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधून विस्तव जाईना.

पुढे माझी आई गेली, सासरेही गेले, आणि सहा वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आल्या आल्या पहिला प्रश्न हाच, की घरात शब्द कोणता चालणार? माझा, थेल्माचा की त्यांचा? दोन दिवस घरात कुणी कुठे जातंय हे कुणी बोलायचं नाही. नुसतं उठायचं आणि खाकरून निघून जायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सासूबाई वर गेल्या त्या पावणेनऊला खाली आल्या आणि चहाचा घोट घेत म्हणाल्या, "मी जरा मिस्टर बर्टविसलना भेटायला गेले होते."

मी आणि थेल्मा एकमेकांकडे बघतच राहिलो. वर कुणी परका पुरुष आहे की काय, म्हणून मी छत्री घेऊन जिना चढलो. वर कुणी नव्हतं. मग माझं लक्ष भांड्याकडे गेलं. आमचं भांडं घराबरोबरच आलेलं, राणीच्या काळातलं. आतून निळी फुलं, आणि काठाशी निळ्या वळणदार अक्षरांत 'बर्टविसल अँड सन्स', त्याखाली मॉडेलचं नाव 'द डेल्यूज', म्हणजे महापूर. (साखळी ओढली की नाव सार्थ व्हायचं.) पेपर संपल्यावर वाचायला एवढंच उरलं तर माणूस ते वाचणारच.

तोडगा मात्र नामी होता. सहा वर्षांत घराची भाषाच बदलून गेली. बर्टविसल मोकळे आहेत का? बर्टविसल आज रागावलेत, गुरगुरताहेत. पाहुणे बसलेत, आणि थेल्मा खुशाल उठून म्हणायची, मी जरा बर्टविसलना भेटून येते. पाहुण्यांना वाटायचं, शेजाऱ्यांची काय काळजी घेतात ही माणसं.

तर अशा आमच्या घरात यंदाच्या हिवाळ्यात ऑब्रींचं नाव येऊ लागलं. चॅपेलच्या हॉलमध्ये पत्त्यांच्या संध्याकाळी सासूबाईंना जोडीदार म्हणून एक गृहस्थ मिळाले. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ऑब्री म्हणून कुणीतरी आहेत, बरे खेळतात. दुसऱ्या आठवड्यात ऑब्रींनी त्यांच्या पायांशी हीटर सरकवला. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी नवी टोपी घेतली. अडुसष्टाव्या वर्षी गालांवर असा गुलाबी रंग मी फक्त सर्दी झालेल्यांच्या पाहिलाय. ईस्टरला ऑब्रींनी मागणी घातली, आणि सासूबाईंनी विचार करायला दोन आठवडे मागून घेतले.

मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही, पण प्रयत्न करतो. सासूबाई रोज सकाळी आठ ते पावणेनऊ बर्टविसलकडे. माझी बस आठ चाळीसची. सहा वर्षं मी एकतर बस चुकवतो, नाहीतर वॉटर बोर्डाच्या ऑफिसात पाय आवळून पोचतो आहे. आणि ऑब्रींच्या बंगल्यात दोन होते. चक्क दोन. थेल्मानं आईकडून ही बातमी काढली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली होती. थेल्मालाही आनंद होता, पण आईचं भलं होतंय याचा. (बायका कुठल्याही गोष्टीला उदात्त कारण शोधू शकतात.)

एकच गोष्ट खटकायची. ऑब्रींचं आडनाव काय हे सासूबाई सांगत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, आडनावाचं काय घेऊन बसलायस, माणूस बघ. आणि हो म्हणायलाही त्या का थांबल्यात, ते कळत नव्हतं. दोन आठवडे बाई आरशापुढे उभी राहून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि मान हलवायची.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. त्यांचं पूर्ण नाव ऑब्री बर्टविसल. तुम्हाला हे फोनच्या आधी कळलं, मला फोनच्या नंतर. तेवढाच काय तो तुमच्या-माझ्या अकलेत फरक.

रविवारी दुपारी चार वाजता ऑब्री चहाला येणार होते आणि सासूबाई उत्तर देणार होत्या. सकाळपासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. चॅपेलला जाणंही त्यांनी रद्द केलं. सव्वादहाला फोन वाजला तेव्हा त्या तिसऱ्यांदा वर गेलेल्या होत्या.

मी फोन उचलला. मोठ्या निग्रहानं तक्रार क्रमांक विचारला नाही. पलीकडून खर्जातला मऊ आवाज आला. ऑब्री बोलत होते. कॉन्स्टन्स आहेत का, त्यांना डॅफोडिल आवडतात की ट्यूलिप, तेवढंच विचारायचं होतं.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? लग्नाची बाई, होणाऱ्या नवऱ्याचा फोन, आणि ती कुठे आहे ते सांगायचंय. टॉयलेट म्हणावं तर सासूबाई जन्मभर बोलणार नाहीत. लॅव्हेटरी म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी म्हटलं, आपल्या घरचा सोवळा शब्द आहे तो वापरावा. समोरच्याला वाटेल, शेजारीपाजारी गेल्या असतील. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"त्या आत्ता बर्टविसलकडे आहेत," मी म्हणालो.

"कुणाकडे?"

"बर्टविसलकडे. आज सकाळपासून तिसरी खेप."

"कुठला बर्टविसल?"

मला वाटलं, गृहस्थ चौकस आहेत. "आमचाच हो. जुना आहे, पण दणकट. आवाज जरा करतो."

"सायलस?" त्यांचा आवाज चिरकला.

मला वाटलं कंपनीचं नाव विचारताहेत. "पहिलं नाव काही लिहिलेलं नाही. बरोबर मुलगे आहेत, एवढंच ठाऊक."

"मुलगे? सायलसला मुलगे?" "कॉन्स्टन्स नेहमी जातात त्याच्याकडे?"

"रोज. सकाळी आठच्या ठोक्याला. पेपर घेऊन जातात, पाऊण तास बसतात."

"एकट्या?"

"एकट्याच की. आतून कडी लावून."

"आणि तुम्हाला हे चालतं?"

इथे मला माझी सहा वर्षांची व्यथा ओळखणारा माणूस भेटल्यासारखं वाटलं, आणि माझा बांधच फुटला. "चालतं कसलं, साहेब. माझी बस चुकते. त्या बाहेर आल्या की मग मी जाणार, मग थेल्मा. पण वयस्कर बाईला बोलणार कोण? म्हणून तर म्हणतो, लग्नाला उशीर लावू नका. एकदा तुमच्याकडे आल्या की इकडे पाऊल टाकणार नाहीत. तुमच्याकडे दोन आहेत म्हणे."

त्यावर "सायलस. शेवटी सायलसच," एवढं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला. डॅफोडिल की ट्यूलिप ते राहूनच गेलं. माणूस मितभाषी आहे, पण आपलं चांगलं जमणार, असा विचार करत मी शीळ घालत टोस्टला लोणी लावायला लागलो.

इतक्यात सासूबाई खाली आल्या. कुणाचा फोन होता? म्हटलं, ऑब्रींचा. काय म्हणाले? म्हटलं, तुम्हाला विचारत होते. मग तू काय सांगितलंस? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की काळजी नको, तुमची अब्रू राखली, बर्टविसलकडे आहेत असं सांगितलं.

सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. मी या बाईला सासऱ्यांच्या दफनविधीतही असं मटकन बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला ते आडनाव सांगितलं. आणि गावात दुसरा एकच बर्टविसल आहे तो म्हणजे ऑब्रींचा धाकटा भाऊ सायलस, ब्रह्मचारी. अकरा वर्षांपूर्वी भाजीपाल्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ऑब्रींच्या वाफ्यातले लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) कुणीतरी तुडवले, तेव्हापासून त्यांच्यात बोलणं नाही, हेही सांगितलं. माझ्या हातातला टोस्ट लोण्याच्या बाजूनं गालिच्यावर पडला. आणि त्यांनी चक्क त्याकडे दुर्लक्ष केलं. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"आज तुम्हा दोघांना मी तेच सांगणार होते," त्या म्हणाल्या. "शब्द बदला म्हणून. दोन आठवडे आरशासमोर म्हणून बघतेय, मिसेस बर्टविसल, मिसेस बर्टविसल. दर वेळी साखळी ओढल्याचा आवाज येतो कानात. मीच ठेवलेलं नाव रे. पण ऑब्री चांगला आहे, सिरिल. थंडी वाजतेय का असं सहा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं."

हे ऐकल्यावर माझी मान खाली गेली. सहा वर्षं मी त्यांना किती वाजले एवढंच विचारत आलो होतो, तेही दार ठोठावून. मी म्हणालो, तुम्ही हलू नका, मी आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना खरं काय ते सांगतो. त्यांनी डोळे पुसून विचारलं, सांगशील म्हणजे कोणत्या शब्दात सांगशील? मी म्हणालो, ते जाता जाता बघू. इथेच चुकलं.

रविवारी सकाळी आमच्याकडे बस नसते. सायकलचं मागचं चाक बसलेलं. मी घरातल्या सपाता आणि लोकरीचा जुना स्वेटर अशा अवतारात चढण चढून ऑब्रींच्या बंगल्यापर्यंत धावत गेलो. शेजारीण कुंपण कातरत होती. ती म्हणाली, ते आत्ताच हातात डॅफोडिल घेऊन सायलसच्या घराकडे गेले, आणि चेहरा काही फुलं द्यायला निघालेल्या माणसाचा नव्हता.

सायलसचं घर चॅपेलच्या बरोबर समोर. मी पोचलो तेव्हा दोघे म्हातारे फाटकाच्या अल्याड-पल्याड उभे. दोघांची नाकं सारखी, दोघांच्या भुवया सारख्या, आणि दोघे एकाच वेळी ओरडत होते. ऑब्री रविवारच्या सुटात, डॅफोडिलची जुडी फाटकावर आपटत. अर्धी फुलं गळून गेलेली. त्यांचं म्हणणं, लीक गेले ते गेले, पण हे मी सहन करणार नाही. सायलस चहाचा मग हातात घेऊन म्हणत होते, कोण कॉन्स्टन्स? कसले मुलगे? तुला ऊन लागलंय का? (एप्रिलात, ब्रॅकनशॉला. ऊन.) ऑब्रींनी फाटक ढकललं, सायलसनी आतून दाबून धरलं.

मी मधे शिरलो. धापा टाकत म्हणालो, साहेब, मी सिरिल टॅटरसॉल, कॉन्स्टन्सबाईंचा जावई, मघाशी फोनवर मीच होतो, तुमचा गैरसमज झालाय. बर्टविसल हा माणूस नाही.

"मी माणूस नाही?" सायलस म्हणाले.

"तुम्ही आहात. आमचा बर्टविसल माणूस नाही. ते आमचं," आणि इथे मी अडकलो. इतकं धावत आलो, पण शब्द ठरवायचा राहूनच गेला होता. रस्त्यात आम्ही तिघेच, पण चॅपेलचं दार उघडं, आतून शेवटचं भजन ऐकू येत होतं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "ते आमचं बाथरूम आहे."

"कॉन्स्टन्स या सायलसच्या नावानं अंघोळ करते?" ऑब्रींच्या हातून उरलेली फुलंही पडली.

"अंघोळ नाही. टब तिथे नाहीच. ते म्हणजे," मला घरविक्रीच्या जाहिरातीतला सभ्य शब्द आठवला, "क्लोकरूम."

"कोट टांगायला पाऊण तास?" सायलसनी विचारलं. त्यांनाही आता गोडी लागली होती.

"कोट नाही हो. ती घरातली सगळ्यात लहान खोली असते ना, ती. जिथे सगळे जातात. एकेकटे."

"कडी लावून," ऑब्री भकासपणे म्हणाले. "प्रार्थनेची खोली म्हणतोस?"

मी म्हणालो, प्रार्थना नाही, हात धुतात तिथे. सायलस म्हणाले, हात तर मी स्वयंपाकघरात धुतो. मी डब्ल्यू.सी. म्हणालो. ऑब्री म्हणाले, तो आणि कोण? या डब्ल्यू. सी. चं आडनाव काय? मग मी 'लू' म्हणालो, तर ते म्हणाले, लू म्हणजे लुईझा? तीसुद्धा यात आहे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत. एका देशात एका जागेला इतके शब्द, आणि त्यातला एकही त्या जागेपर्यंत पोचत नव्हता. सगळे आपले कोटावर, साबणावर, टबावर जाऊन थांबत होते. ऑब्रींनी पुन्हा फाटकाला खांदा लावला. सायलसचा मग फुटला. आणि मला एकदम माझी आई आठवली.

"टॉयलेट," मी ओरडलो. "बर्टविसल म्हणजे आमचं टॉयलेट. टॉयलेट, टॉयलेट. कॉन्स्टन्सबाई टॉयलेटला गेल्या होत्या."

भजन संपून बराच वेळ झाला होता हे मला तेव्हा कळलं. मागे वळून पाहिलं तर चॅपेलच्या पायऱ्यांवर चाळीसएक माणसं बायबल छातीशी धरून उभी. पाद्रीबाबांचा हात कुणाच्या तरी हातात तसाच राहिलेला. आणि सगळ्यांच्या पुढे, निळ्या टोपीत, माझी थेल्मा. तिनं मला पायातल्या सपातांपासून वरपर्यंत पाहिलं, आणि शेजारच्या बाईला शांतपणे म्हणाली, हा कोण आहे मला ठाऊक नाही.

पण माझं लक्ष दोन म्हाताऱ्यांकडे होतं. त्यांचं ओरडणं थांबलं होतं. ऑब्रींनी अगदी हळू आवाजात विचारलं, भांडं कसं आहे? मी म्हणालो, पांढरं, आतून निळी फुलं. सायलसनी विचारलं, खाली काही लिहिलंय? म्हटलं, द डेल्यूज. तशी सायलसनी डोक्यावरची टोपी काढली. "आजोबांचा महापूर," ते भावाला म्हणाले. अकरा वर्षांतलं हे त्यांचं शिवीविरहित पहिलं वाक्य होतं.

त्यांच्या आजोबांचा कारखाना होता, तो युद्धाआधीच बंद पडला. 'महापूर' हा आजोबांचा मानाचा तुरा. पोरपणी दोघे भाऊ त्यात कागदी होड्या सोडायचे. पण घरात एकही शिल्लक राहिला नव्हता. एखादा कुठेतरी अजून चालू असेल, अशी दोघांनाही आशा उरली नव्हती. आम्ही चौघे आमच्या घराकडे निघालो. थेल्मा वीस पावलं मागून, अनोळखी असल्यासारखी.

सासूबाई अजून पायरीवरच होत्या. दोघे भाऊ त्यांना वळसा घालून टोप्या हातात घेऊन वर गेले. वरून आधी साखळी ओढल्याचा आवाज आला, मग तो धबधबा, आणि मग दोन म्हाताऱ्यांचं पोरांसारखं हसणं. खाली आले तेव्हा सायलसनी नाक शिंकरलं आणि सांगितलं, की लीकवर त्यांचाच पाय पडला होता, अंधारात, चुकून. ऑब्री म्हणाले, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग ते सासूबाईंच्या खालच्या पायरीवर बसले.

"शाळेत पोरं मला बघून साखळी ओढायची खूण करायची," ते म्हणाले. "साठ वर्षं हे नाव घेऊन हिंडतोय, कॉन्स्टन्स, मला सवय आहे. तुला जमणार नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही."

सासूबाईंनी केस नीट केले. "सहा वर्षं रोज पाऊण तास बर्टविसलकडे काढलाय मी," त्या म्हणाल्या. "उरलेला दिवसही काढीन."

थेल्मा रडायला लागली. मीही लागलो असतो, पण तेवढ्यात माझा पाय लोण्याच्या टोस्टवर पडला.

जूनमध्ये लग्न झालं. आहेर म्हणून नवरदेवानं एकच गोष्ट मागितली, आमचा महापूर. तो आता त्यांच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर बसवलाय आणि त्यात डॅफोडिल लावलेत. सायलस येऊन पाणी घालतात. आमच्याकडे नवं भांडं आलं. प्लंबर कशाला, वॉटर बोर्डात सतरा वर्षं काढलीत मी, असं म्हणून ते मीच बसवलं. पांढरंफटक, त्यावर फुलं नाहीत, नाव नाही. त्यामुळे प्रश्न पुन्हा उभा राहिला, की याला म्हणायचं काय. टॉयलेट शब्द तर थेल्मानं घरातूनच काय, गावातूनही मला बंद करून टाकला होता.

तोडगा या वेळीही सासूबाईंनीच काढला. पहिल्याच रविवारी नवऱ्याला घेऊन चहाला आल्या, वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी जरा सिरिलला भेटून आले." बसवलं कुणी, सिरिलनं. मग नाव दुसरं काय असणार? ऑब्री आणि सायलस यांनी हा ठराव टाळ्या वाजवून मंजूर केला. माझं मत कुणी विचारलं नाही.

आता मला आठ चाळीसची बस रोज मिळते. सकाळी वर कुणी नसतं, मी राजासारखा बसतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी पाऊण तास होतो. काल संध्याकाळी ऑफिसातून आलो तर हॉलमध्ये थेल्मा प्लंबरशी फोनवर बोलत होती. मी दारातच थांबलो.

"हो, सिरिलचीच तक्रार," ती म्हणत होती. "जुना नाही हो, पण पहिल्या दिवसापासून गळतो. रात्रभर कुरकुर चालू असते आणि हलवल्याशिवाय काही काम करत नाही. दुरुस्तीचं बघू नका, माझा त्याच्यावरचा विश्वासच उडालाय. सरळ काढून न्या, आणि त्याच जागी एखादा बिनआवाजाचा मिळत असेल तर बघा."